चुलीपुढची परीक्षा

जुलै 2010. ऑस्ट्रेलियात निवडणूक जाहीर झाली होती. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांचा टीव्हीवरचा जाहीर वाद 25 तारखेच्या रविवारी संध्याकाळी साडेसातला व्हायचा होता. पण अडचण अशी की त्याच रात्री, त्याच वेळी, दुसऱ्या वाहिनीवर 'मास्टरशेफ'ची अंतिम फेरी होती. मग काय झालं असेल? स्वयंपाक पुढे ढकलला? छे! पंतप्रधानांचा वाद एक तास आधी, साडेसहाला उरकण्यात आला. देश कोणी चालवायचा हे लोकांनी आधी ऐकून घेतलं आणि मग ताटं घेऊन टीव्हीसमोर खऱ्या सामन्यासाठी बसले. साधारण 2 कोटी 20 लाख वस्तीच्या त्या देशात सुमारे 40 लाख लोकांनी ती फेरी पाहिली. त्यात आमचं मेलबर्नचं घरही आलंच.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची भाची. नाव लिहीत नाही, कारण ती हा ब्लॉग वाचते आणि तिची आईसुद्धा वाचते :-) पुण्यात चांगली नोकरी आहे, हाताला चव आहे, आणि आता तिच्या डोक्यात टीव्हीवरच्या पाककलेच्या स्पर्धेत उतरायचं आहे. त्यासाठी नोकरी सोडायचीही तयारी आहे. घरात अर्थातच दोन तट पडलेत आणि 'मावशी, तू तिकडे इतकी वर्षं हे बघतेस, तूच सांग' म्हणून प्रकरण माझ्याकडे आलंय. फोनवर सांगायला गेले तर एकीचं ऐकून दुसरीला राग येणार. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावंच. आधी या स्पर्धांचा इतिहास सांगते, मग माझं मत.

टीव्हीवर स्वयंपाक दाखवणं जुनंच आहे. पण स्वयंपाकाची स्पर्धा लावून त्यातून नाट्य काढायचं, ही कल्पना रुजली ती 1990 च्या दशकात. इंग्लंडमध्ये 1990 साली बीबीसीवर 'मास्टरशेफ' सुरू झालं. कल्पना फ्रँक रॉडम नावाच्या चित्रपट दिग्दर्शकाची. लाल, पिवळं आणि निळं अशी तीन स्वयंपाकघरं, त्यात तीन हौशी स्पर्धक, आणि लॉइड ग्रॉसमन हे सूत्रसंचालक. ठरलेल्या वेळात पूर्ण जेवण करायचं, मग पाहुणे परीक्षक चव घेऊन चर्चा करणार. ना ओरडाआरडा, ना रडारड. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात पाककला स्पर्धा होते ना, टेबलावर झाकून ठेवलेल्या बशा आणि हातात कागद घेऊन फिरणाऱ्या दोन वयस्कर बाई, जवळजवळ तशीच सभ्य. फरक इतकाच की आपल्याकडे बक्षीस स्टीलचा डबा.

या कार्यक्रमात एक अट पहिल्यापासून होती आणि माझ्या मते सगळी गंमत त्या अटीतच आहे. स्पर्धक हौशी हवा. स्वयंपाक हा त्याचा पोटापाण्याचा धंदा नको. म्हणजे घरी रोज करणारी माणसं एका बाजूला आणि परीक्षक मात्र धंद्यातले, नावाजलेले आचारी किंवा खाद्यपदार्थांवर लिहिणारे. घरचा स्वयंपाक आणि बाहेरचा स्वयंपाक या दोन वेगळ्या जगांची इथे समोरासमोर गाठ पडते. आपल्याकडेही हे दोन प्रांत वेगळेच. घरात बायकांनी रांधायचं, आणि लग्नकार्यात मात्र कढया-झारे घेऊन पुरुष आचारी येणार. घरच्या स्वयंपाकाला 'अन्नपूर्णा' म्हणून हात जोडायचे, पण पैसे आणि मानधन दुसऱ्या प्रांतात.

जपानने याच्या अगदी उलट केलं. 1993 साली फुजी टीव्हीवर 'आयर्न शेफ' सुरू झालं आणि 1999 पर्यंत चाललं. तिथे हौशी कोणी नाही, सगळे कसलेले. जरीकाठी अंगरखे घातलेला ताकेशी कागा हा त्या राज्याचा जणू संस्थानिक. सुरुवातीलाच तो पिवळ्या ढोबळी मिरचीचा कचकन चावा घेतो, ते दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. दर आठवड्याला बाहेरून एक आव्हानवीर यायचा आणि जपानी, चिनी, फ्रेंच, पुढे इटालियन पद्धतीच्या 'आयर्न शेफ' मंडळींपैकी एकाशी झुंजायचा. मुख्य जिन्नस गुपित. वरचं कापड दूर झालं की कळणार आज खेकडा आहे की वांगं. मग 60 मिनिटांत त्या एका जिनसाचे अनेक पदार्थ. समालोचन मात्र थेट कुस्तीच्या फडासारखं! ऑस्ट्रेलियात हे एसबीएस वाहिनीवर लागायचं आणि आम्ही इथे नवीन असताना शनिवारी रात्री ते बघत बसायचो. भाषा कळत नसे, पण तेल तापलंय आणि माणूस घाईत आहे हे कळायला भाषा कशाला लागते?

आजच्या सगळ्या स्पर्धा या दोन घराण्यांतून आल्या असं मला वाटतं. इंग्लंडकडून घेतला हौशी माणूस. जपानकडून घेतलं घड्याळ आणि झाकलेला जिन्नस.

या दोन्हींचा पुरता संगम झाला तो 2009 साली, इथे ऑस्ट्रेलियात. मधल्या काळात बीबीसीने 2005 साली 'मास्टरशेफ' नव्या, वेगवान रूपात परत आणलं होतं. त्या वर्षीची विजेती थॉमसिना मायर्स. तिने पुढे 2007 साली लंडनमध्ये 'वहाका' हे मेक्सिकन पदार्थांचं उपाहारगृह भागीदारीत सुरू केलं आणि त्याच्या पुढे शाखा निघाल्या. म्हणजे स्पर्धेतून खरोखरचा धंदा उभा राहू शकतो हे तिथे दिसलं. ऑस्ट्रेलियात चॅनल टेनने 2008 साली 'बिग ब्रदर' बंद केलं होतं आणि त्यांना रोजच्या संध्याकाळी भरायच्या होत्या. एप्रिल 2009 मध्ये त्यांनी रविवार ते शुक्रवार, आठवड्याचे सहा दिवस, चक्क स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली. रोज रोज भाजी चिरताना कोण बघणार, असं पुष्कळांना वाटलं होतं. 19 जुलैच्या अंतिम फेरीपर्यंत मात्र अख्खा देश बघत होता.

आता यातली आव्हानं कोणती ते सांगते, कारण भाचीबाईंना वाटतंय की चव असली की झालं!

पहिलं, 'मिस्टरी बॉक्स'. लाकडी खोकं उचलायचं आणि आत जे असेल त्यातूनच काहीतरी करायचं. खरं सांगू? हे आपल्याला जमण्यासारखं आहे. महिन्याच्या शेवटी डब्यात काय उरलंय ते पाहून चार माणसांचं जेवण करणाऱ्या आपल्या आया-आज्यांनी जन्मभर दुसरं काय केलं? पण त्यांच्यावर कॅमेरे रोखलेले नव्हते आणि शेजारच्या ओट्यावर तोच जिन्नस घेऊन दुसरं कोणी तुमच्यापेक्षा बरं काही करत नव्हतं.

दुसरं, 'प्रेशर टेस्ट'. एखाद्या नामवंत शेफचा अवघड पदार्थ समोर ठेवतात, कृती देतात आणि हुबेहूब तसाच करायला सांगतात. पहिल्याच वर्षी एड्रियानो झुंबो या गोड पदार्थांच्या कारागिराने 'क्रोकम्बूश' करायला दिला होता. क्रीम भरलेल्या छोट्या गोळ्यांचा, साखरेच्या गरम पाकाने जोडत जोडत रचलेला उंच मनोरा. पाक जरा पुढे गेला की करपतो, जरा मागे राहिला की मनोरा लवंडतो. आपल्याकडे पाकातले लाडू करताना जे दडपण येतं ते शंभर पटीने वाढवा. घरच्या स्वयंपाकात 'अंदाज' ही सर्वांत मोठी विद्या, पण इथे अंदाजाने भागत नाही. इथे ग्रॅम आणि मिनिटं लागतात.

तिसरं, मांडणी. माझी आई त्या वर्षी इथे आली होती. एवढ्या मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध चमचाभर काहीतरी आणि बाजूला सॉसचा ओघळ बघून ती म्हणाली, "एवढंसंच? नैवेद्य आहे का गं?" आम्ही खूप हसलो. पण खरोखर, ज्या स्वयंपाकात समोरचा तृप्त होऊन उठला की काम झालं, त्या स्वयंपाकातून आलेल्या माणसाला 'दिसायला कसं आहे' या प्रश्नाची सवय नसते. ती लावून घ्यावी लागते.

आणि चौथं आव्हान पडद्यावर सगळ्यांत कमी दिसतं. घरापासून लांब राहणं. स्पर्धक काही महिने एका घरात एकत्र राहतात, घरच्यांशी बोलणं मोजकंच. पहिल्या वर्षीची ज्युली गुडविन तीन मुलग्यांची आई. तिच्या डोळ्यांत मुलांच्या आठवणीने कितीदा पाणी यायचं! आई ते बघून म्हणायची, "हिला जिंकू दे, नाहीतर घरी तरी जाऊ दे." ज्युली जिंकली. समोर होती पो लिंग यो, मलेशियात जन्मलेली चित्रकार, कल्पनेच्या बाबतीत कितीतरी पुढे. ज्युलीचा स्वयंपाक साधा, घरचा, भरपेट. लोकांनी तिला आपलं मानलं ते त्यामुळेच.

मग बक्षीस काय? कागदावर 1 लाख डॉलर, मोठ्या शेफच्या हाताखाली शिकायची संधी आणि स्वतःचं पाककृतींचं पुस्तक. ज्युलीचं पुस्तक 2010 साली आलं आणि तुफान खपलं. हरलेल्या पोला त्याच वर्षी एबीसी वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. म्हणजे दुसरा नंबर येऊनही आयुष्य बदलू शकतं. 2010 चा विजेता अ‍ॅडम लियाव हा वकील होता. तो पुढे एसबीएसवरचा लोकप्रिय सूत्रसंचालक आणि लेखक झाला. 2018 साली शशी चेलय्या जिंकला, सिंगापुरात वाढलेला तमिळ वंशाचा, अ‍ॅडलेडच्या तुरुंगात अधिकारी. त्याने अंतिम फेरीत 100 पैकी 93 गुण मिळवून विक्रम केला आणि नंतर स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. हे सगळं वाचून भाचीचे डोळे चमकले असतील. थांब, पुढे वाच.

ज्युलीने पुढे स्वतःच्या नैराश्याबद्दल आणि चिंताविकाराबद्दल उघडपणे सांगितलं. 2022 मध्ये ती पुन्हा त्याच स्पर्धेत उतरली आणि 2024 मध्ये 'युअर टाइम स्टार्ट्स नाऊ' या आत्मकथनात हा सगळा काळ मांडला. लोकांना हवी असलेली सदा हसतमुख आई रोज पुरवायची आणि आतून मात्र थकत जायचं, हे आपल्या घरांतल्या बायकांना नवीन सांगायला नको. स्पर्धेमुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही. माणसाच्या मनाची गणितं इतकी सोपी नसतात. पण 1 लाख डॉलरच्या मोठ्या चेकबरोबर काळजी घेणारं कोणी आपोआप मिळत नाही, एवढं खरं.

आणि ज्या धंद्याचं स्वप्न हे कार्यक्रम दाखवतात, तो धंदाही बघायला हवा. सुरुवातीपासूनच्या तीन परीक्षकांपैकी जॉर्ज कॅलंबरिस यांच्या रेस्टॉरंट कंपनीने कर्मचाऱ्यांना एकूण सुमारे 78 लाख डॉलर कमी पगार दिल्याचं 2019 साली सरकारी यंत्रणेच्या कारवाईतून जाहीर झालं. 515 आजी-माजी कर्मचारी! ती थकबाकी नंतर चुकती केली गेली, पण 2020 च्या फेब्रुवारीत ती कंपनीच डबघाईला आली. ज्या ओट्यावर आपण 'स्वप्न' पाहतो, त्याच्या मागे भांडी घासणारे आणि कांदे सोलणारे हातही असतात आणि त्यांना कोणी गुण देत नाही. तिन्ही परीक्षक 2019 सालीच कार्यक्रमातून बाहेर पडले होते. 2020 मध्ये नवे आले, त्यांत मेलिसा लिओंग ही पहिली कायमची स्त्री परीक्षक. घरचा स्वयंपाक ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला त्यांच्यातली एक परीक्षकाच्या खुर्चीवर यायला अकरा वर्षं आणि अकरा पर्वं जावी लागली. असो!

आता आपल्या देशाकडे येऊ. 'मास्टरशेफ इंडिया' स्टार प्लसवर ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झालं, पहिल्या पर्वात अक्षय कुमार होता. जिंकल्या लखनौच्या पंकज भदौरिया. शाळेत शिक्षिका होत्या आणि स्पर्धेसाठी त्यांनी नोकरी सोडली होती. बक्षीस 1 कोटी रुपये. पुढे त्यांचा स्वतःचा कार्यक्रम आला, नाव झालं. भाची मला फोनवर हेच उदाहरण देत होती. "मावशी, त्यांनी पण सोडलीच ना नोकरी?"

सोडली. आणि त्यांच्या धैर्याला माझा मनापासून नमस्कार. पण बाळा, नोकरी सोडून जिंकलेल्या बाईंचं नाव आपल्याला ठाऊक आहे. नोकरी सोडून चौथ्या भागात बाहेर पडलेल्याचं नाव तुला आठवतं का? मलाही नाही. इतिहासाची ही खोड आहे, तो जिंकणाऱ्यांची यादी ठेवतो. त्या यादीवरून हिशेब मांडायला बसलं तर तो नेहमीच फायद्याचा दिसणार.

त्याच 2010 साली इंग्लंडमध्ये 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' सुरू झालं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. बक्षीस काय, तर नाव कोरलेला एक केक-स्टँड आणि फुलांचा गुच्छ. पैसे शून्य! चित्रीकरण शनिवार-रविवारी, बाकीचे दिवस आपापल्या कामावर. 2015 ची विजेती नादिया हुसेन, बांगलादेशी वंशाची, घर सांभाळणारी. पुढच्या वर्षी राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिने केला. 2018 चा विजेता राहुल मंडल, मूळचा कोलकात्याचा, शेफील्डमध्ये संशोधक. म्हणजे भरपूर पैसा नसला आणि नोकरी सोडावी लागली नाही, तरी माणसं जीव तोडून करतात. मग ती कशासाठी करतात?

त्याचं उत्तर मला 2021 साली मिळालं. मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत आमच्या मेलबर्नचीच किश्वर चौधुरी होती, बांगलादेशी वंशाची, दोन मुलांची आई. आपल्या मुलांपर्यंत आपल्या घरचे पदार्थ पोचावेत ही तिची इच्छा. अंतिम फेरीत, जिथे लोक सोन्याचा वर्ख लावायलाही कमी करत नाहीत, तिथे तिने पांता भात केला. रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला शिळा भात! सोबत आलूभर्ता आणि मासे. बंगालमधला शेतकऱ्याचा, मजुराचा सकाळचा घास. कोकणात पेजेवर आणि देशावर शिळ्या भाकरीवर ज्यांचे दिवस सुरू झाले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. असा पदार्थ रेस्टॉरंटच्या कार्डावर नसतो. तिने तो परीक्षकांपुढे ठेवला आणि त्यांनी तो आदराने खाल्ला. स्पर्धा जिंकला जस्टिन नारायण, बक्षीस अडीच लाख डॉलर. किश्वर तिसरी आली. पण तिकडे बांगलादेशात आणि इकडे आमच्या ओळखीच्या बंगाली घरांत त्या रात्रीपासून बोलणं फक्त पांता भाताचं. माझी शेजारीण मला म्हणाली की तिने हा भात इथे पंचवीस वर्षांत कधी कुणा पाहुण्यासमोर ठेवला नव्हता. पुढच्या रविवारी तिने आम्हाला त्यावरच बोलावलं. मोहरीचं तेल, कांदा, हिरवी मिरची आणि तो थंडगार भात. काय चव होती म्हणून सांगू!

मला वाटतं या स्पर्धांनी दिलेलं सगळ्यांत मोठं बक्षीस हेच. ज्या अन्नाची आपल्याला चारचौघांत लाज वाटायची ते ताठ मानेने मांडता येणं. आणि ज्या कामाला घरात कधी कोणी काम म्हटलं नाही, त्याकडे पूर्ण देशाने तासभर टक लावून बघणं. बाकी चेक, पुस्तकं, रेस्टॉरंटं हे कुणाला मिळतं, कुणाला नाही.

तर भाचीबाई, माझं मत. अर्ज भर. अगदी नक्की भर. रजा काढ, बिनपगारी काढ, पण पहिल्या फेरीआधी राजीनामा देऊ नकोस. पुढे गेलीस तर तेव्हा पाहू. तोपर्यंत रोज एक पदार्थ घड्याळ लावून कर आणि वजनकाटा विकत घे, तुझा 'चिमूटभर' तिथे चालणार नाही. निवडीसाठी कुठलं तरी फ्रेंच नाव शोधू नकोस. तू जे डोळे मिटून करतेस ते घेऊन जा, आजीची ताकातली उकड घेऊन जा. परीक्षक नाक मुरडतील कदाचित. मुरडू देत. जिंकलीस तर छानच, पण परत आलीस तर हरून आलीस असं कुणी म्हणणार नाही एवढं घरातल्या सगळ्यांनी आत्ताच ठरवून टाकावं.

आणि ताई, तू हे वाचते आहेस हे मला माहीत आहे. तिला अडवू नकोस. ती सराव करेल तेव्हा तू समोर बस आणि खाऊन खरं काय ते सांग. मीठ कमी असेल तर कमी आहे म्हण. आपल्या आईने आपल्याला ते कधीच सांगितलं नाही, स्वतःच्या पानात गुपचूप वरून घेत राहिली.